कॅराव्हॅन-मीमांसा (ठाणे-कल्याण-डोंबिवली खंड)

मीमांसकांनी कुठल्याही प्रश्नाचा निकाल लावायची एक रीत घालून दिली आहे. आधी विषय सांगायचा, मग त्यावर संशय घ्यायचा, पूर्वपक्ष मांडायचा, तो खोडायचा आणि सिद्धांतावर येऊन थांबायचं. यज्ञातल्या बारीकसारीक वादांवर ही रीत उत्तम चालली. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये संसार थाटला तर त्यातल्या शेगडीचा टॉप, म्हणजे प्लग, नेमका कुणाच्या भिंतीत खुपसावा, हा वाद मात्र अजून कुणी या चौकटीत बसवलेला नाही. ती उणीव इथे भरून काढत आहोत. व्याप्ती मुद्दाम मर्यादित ठेवली आहे. आरटीओच्या भाषेत सांगायचं तर एमएच-०४ आणि एमएच-०५.

विषय असा. युरोपच्या वाहन-नियमांत मोटार कॅराव्हॅनची व्याख्या दिलेली आहे. गाडीत किमान चार गोष्टी हव्यात: बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, जी बसायच्या जागेतूनच तयार झाली तरी चालेल, स्वयंपाकाची सोय, आणि सामान ठेवायला जागा. हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं असावं, टेबल तेवढं काढता-घालता आलं तर हरकत नाही. आपल्या देशात मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, तेही याच घराण्यातलं.

ही व्याख्या डोंबिवलीकराला वाचून दाखवली तर तो म्हणेल, यात नवीन काय? दिवसा सोफा आणि रात्री पलंग असलेलं आसन, भिंतीला बिजागरीवर लटकणारं टेबल, ओट्याखाली डबे, दिवाणाच्या पोटात गाद्या आणि लग्नात आलेली न उघडलेली भांडी. फडके रोडच्या आसपासची जुनी वन रूम किचन युरोपच्या चारही कसोट्यांना उतरते. चाकं नाहीत, पण ते काम रेल्वेकडे सोपवलेलं आहे.

आता पूर्वपक्ष. पूर्वपक्षी म्हणतो, गाडीत काय असावं हे प्रवाशाची गरज ठरवते. सरकारचा संबंध फक्त कर आणि दंडापुरता. हे बोलणं गोड आहे, पण टिकत नाही. ब्रिटनमध्ये साध्या व्हॅनची नोंद बदलून ‘मोटार कॅराव्हॅन’ अशी करून हवी असेल, तर तिथलं वाहन-नोंदणी खातं गाडी बाहेरून कशी दिसते ते बघतं. एका बाजूला निदान दोन खिडक्या, राहत्या भागाला वेगळं दार, उंच टप, कडेला कापडी छताची दांडी, आणि दोन्ही बाजूंना कॅराव्हॅनला शोभेल अशी नक्षी. आत सागवानी स्वयंपाकघर असो, बाहेर नक्षी नसली तर सरकारदरबारी पंचाईत. भिवंडी बायपासला ट्रकांच्या पाठी रंगवणाऱ्या पेंटर मंडळींना ही बातमी कुणी कळवलेली दिसत नाही. जर्मनीत साध्या परवान्यावर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवता येते, म्हणून तिथले कारखानदार पलंगाच्या फळीचंही वजन मोजतात. न्यूझीलंडने २०२३ साली कायदा करून ठरवलं की स्वयंपूर्ण गाडीतला संडास पक्का बसवलेलाच हवा. एकाच तऱ्हेची गाडी, पण एका देशात तिला चित्रं फुटली, दुसऱ्यात ती हडकुळी झाली आणि तिसऱ्यात तिने संडास बांधला. गरज तिन्हीकडे एकच होती: कुठेतरी जाऊन झोपायचं.

आपल्याकडे नियमाने गाडीला काय दिलं? धास्ती दिली. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी प्रमाणपत्रात जे लिहिलं आहे त्याच्याशी विसंगत बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तजवीज केली. रीतसर मार्ग आहे. मान्यताप्राप्त कॅराव्हॅन घ्यावी. नोंदणीच्या ‘वाहन’ प्रणालीत ‘मोटार कॅराव्हॅन’, ‘कॅम्पर व्हॅन/ट्रेलर’ आणि ‘कॅम्पर व्हॅन/ट्रेलर (खासगी वापर)’ असे चांगले तीन कप्पे आहेत. पण ज्याचं बजेट सेकंडहँड गाडी आणि ओळखीचा सुतार एवढंच आहे, त्याला हे कप्पे परवडत नाहीत.

परिणाम कल्याण-मुरबाड रस्त्यावर पावसाळ्यात बघायला मिळतो. माळशेजला निघालेल्या हौशी गाडीत काहीही ‘बसवलेलं’ नसतं, सगळं ‘ठेवलेलं’ असतं. गादी ठेवलेली, पाण्याचा पिंप ठेवलेला, कपाट म्हणून प्लास्टिकचे क्रेट ठेवलेले, आणि घाटाच्या वळणावर कुणी कुणाच्या मांडीवर येऊ नये म्हणून सगळ्याला सुतळी. हवालदाराने हात केला की पाच मिनिटांत कॅराव्हॅनची पुन्हा टेम्पो ट्रॅव्हलर. युरोप म्हणतो, पक्कं बसवलं तरच कॅराव्हॅन. आपण म्हणतो, पक्कं बसवाल तर याद राखा. जर्मन कॅम्पर त्याच्या बिजागऱ्यांवरून ओळखावा आणि ठाणे जिल्ह्यातला त्याच्या गाठींवरून, असा आमचा निष्कर्ष आहे.

इथून विजेचं प्रकरण सुरू होतं, आणि ते चुलीपासून सुरू होतं. घरगुती लाल सिलेंडर मिळतो तो घरच्या पत्त्यावर, घरच्या स्वयंपाकासाठी. गाडीचा पत्ता कुठला? तेव्हा शहाणा माणूस इंडक्शन घेतो. इंडक्शन पूर्ण जोरावर दोन हजार वॅट खातं. २३० व्होल्टवर दोन हजार वॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. भिंतीतला छोटा सॉकेट सहा अँपिअरचा, म्हणजे १,३८० वॅटचा धनी. त्यावर इस्त्री चालेल, इंडक्शन नाही. म्हणून सोळा अँपिअरचा मोठा सॉकेट हवा, ३,६८० वॅटचा. तो घरात दोन-तीन ठिकाणीच असतो: गिझर, एसी, स्वयंपाकघर. अशा रीतीने गॅसच्या एका नियमामुळे माणूस गाडीतून उतरून दुसऱ्याच्या बाथरूमपर्यंत पोचतो.

या सॉकेटची वंशावळ सांगितल्याशिवाय ग्रंथ पुढे नेणं शास्त्राला धरून होणार नाही. आपल्या तीन गोल पिना म्हणजे ब्रिटिश मानक ५४६, साल १९३४. इंग्रजांनी १९४७ मध्ये भारत सोडला आणि त्याच वर्षी चौकोनी पिनांचं नवं मानक काढून गोल पिनाही सोडायला घेतल्या. आपण देश ताब्यात घेतला आणि पिनाही ठेवून घेतल्या. आज त्या आयएस १२९३ या नावाने नांदतात. पाच-पंधराचे सहा-सोळा होऊन किती वर्षं झाली, पण रामनगरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात आजही ‘पंधराचा टॉप द्या’ असंच मागावं लागतं; सोळाचा मागितलात तर समोरचा तुम्हाला इंजिनिअर समजून चढा भाव लावेल.

जुन्या मानकातली एक गंमत कुणी मुद्दाम सांगत नाही. पाचच्या टॉपची अर्थची पिन आणि पंधराच्या टॉपची फेजची पिन यांची जाडी तंतोतंत एक आहे, ७.०६ मिलिमीटर. धाकट्याची सुरक्षा ती थोरल्याची ताकद. अर्थची पिन लांब अशासाठी की ती आधी आत शिरावी, नि तिच्यामागून फेज-न्यूट्रल. पण आपल्याकडे दोन पिनांचा चार्जर मोठ्या सॉकेटमध्ये घालायचा तर अर्थच्या भोकात बॉलपेन खुपसून पडदा उघडतात. आणि टॉपच नसला तर? वायरची दोन्ही टोकं दातांनी सोलायची, भोकांत सारायची आणि आगपेटीच्या दोन काड्या ठोकून घट्ट करायची. काडी लाकडाची, म्हणजे वीज वाहत नाही. वर गुलाचं टोक बाहेर, म्हणजे ठिणगीची सोय तयार. याला कुठलंही मानक नाही आणि हे प्रत्येक मांडवामागे सापडतं.

खुद्द इंग्लंडात पंधराची गोल पिन आज शोधायची तर नाट्यगृहात जावं लागतं. रंगमंचावरच्या दिव्यांसाठी ती तिथे टिकून आहे. म्हणजे आपल्या गिझरचा टॉप तिकडे गडकरी रंगायतनात किंवा अत्रे रंगमंदिरात शोभेल अशा जागी मानाने राहतो. आपण मात्र त्यावर पाणी तापवतो.

युरोपातल्या कॅम्पच्या जागेवर गाडी लागली की शेजारी एक खांब असतो. त्यात निळा, तीन पिनांचा, झाकणवाला सॉकेट, साधारण सोळा अँपिअरचा, आणि मागे ३० मिलिअँपिअरला तुटणारं गळती-संरक्षण. फ्रान्समध्ये कित्येक ठिकाणी सहा किंवा दहा अँपिअरच देतात, तेव्हा तिथेही चहा आणि हीटर एकदम चालत नाहीत. अमेरिकेत १२० व्होल्ट, म्हणून तीस किंवा पन्नास अँपिअरच्या जाडजूड तारा. जपानमध्ये तर फुजी नदीच्या पूर्वेला ५० हर्ट्‌झ आणि पश्चिमेला ६०, कारण टोकियोने यंत्रं जर्मनीहून आणली आणि ओसाकाने अमेरिकेहून.

या बाबतीत आपण जपानला ऐकणारे नव्हे. मध्य रेल्वेची लोकल काही वर्षं एकाच प्रवासात २५,००० व्होल्ट एसी आणि १,५०० व्होल्ट डीसी अशा दोन राज्यांतून जात होती. हद्द आली की दिवे-पंखे क्षणभर बंद, आणि लटकलेला माणूस न दचकता पेपर वाचत राही. मुख्य मार्गावरचं ते द्वैत जून २०१५ मध्ये संपलं. रस्त्यावर अजून आहे, पण बिलापुरतं. ठाण्यात महावितरण, कळवा-मुंब्रा-शीळ २०२० पासून टोरेंट, शीळफाटा सोडून कल्याणकडे वळलात की पुन्हा महावितरण. वीस किलोमीटरमध्ये दोनदा वसुलीदार बदलतो आणि पिन एकदाही बदलत नाही. एवढा सुसंस्कृत प्रदेश कॅराव्हॅनवाल्याला युरोपातही सहज मिळणार नाही.

निळा सॉकेटही आपल्याकडे आहे, मांडव-डेकोरेटर आणि जनरेटरवाल्यांकडे. उलट आमचं म्हणणं असं की कायदेशीर तात्पुरत्या जोडणीचा आपल्याएवढा अनुभव जगात कुणाला नसेल. गणेशोत्सवात मंडळाने अर्ज केला की महावितरण तात्पुरता मीटर देतं आणि बाप्पा दहा दिवस रस्त्यावर उजळून राहतात. पंचाईत माणसाची. गाडीत झोपलेला माणूस घरगुती ग्राहक की व्यावसायिक? घरच्या मीटरवरून मंजूर नसलेल्या कामाला वीज दिली तर वीज कायदा २००३ चं कलम १२६, दुप्पट दराने आकारणी. सरळ तारेवर आकडा टाकला तर कलम १३५, म्हणजे चोरी. घोडबंदर रोडला मालिकांच्या सेटबाहेर उभ्या राहणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन या भानगडीत पडत नाहीत, शेजारी डिझेल जनरेटर धडधडत ठेवतात. नटाला झोप लागते, रहिवाशाला नाही.

सोसायटीत मात्र कलम १२६ ही नाही आणि १३५ ही नाही, तिथे सेक्रेटरी आहेत. संवाद साधारण असा होतो:

“काका, फक्त रात्रभर. फ्रिज आणि एक पंखा.”

“पॉइंट पंपाच्या खोलीत आहे. पंप चालू असताना लावू नका.”

“पंप कधी चालू असतो?”

“पाणी आलं की.”

“पाणी कधी येतं?”

“ते एमआयडीसीला विचारा. आणि हे बघा, बिल कॉमनमध्ये येतं. आज तुम्ही व्हॅन लावलीत, उद्या बी विंगवाले आइस्क्रीमची गाडी लावतील.”

तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून खाली सोडलेली पिवळी एक्स्टेन्शन वायर हा यावरचा तोडगा. पावसात ती पहिल्या मजल्याच्या छज्ज्यावर टेकते, तिथे जोड असतो, जोडावर काळी टेप, टेपवर दुधाची पिशवी.

सिद्धांत आता सांगता येतो. राष्ट्राने गाडीचे नियम केले, पिनेचे नियम केले, पण या दोघांच्या मधल्या पंधरा-वीस फुटांचा नियम कुणी केला नाही, आणि इथल्या कॅराव्हॅनचं रूप त्या पंधरा-वीस फुटांनीच ठरवलं: डबल बॅटरी, छतावर सोलर, इन्व्हर्टर, आणि वायरचं भलंमोठं भेंडोळं. राज्य सरकारने २०२१ च्या मार्चमध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात वीज-पाण्याच्या सोयी असलेल्या कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. पण धोरण पर्यटनस्थळांकडे बघतं, आणि पर्यटक राहतो मानपाड्याला. त्याला निघण्याआधी रात्रभर बॅटरी भरायची असते, तीही स्टिल्टच्या छताला टप घासणार नाही अशा जागी.

खरा मार्ग विजेवरच्या स्कूटरने दाखवला. केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या आहे त्या जोडणीवरून विजेची गाडी चार्ज करायला मुभा मिळाली, आणि तेव्हापासून सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये सबमीटर लागू लागले आहेत. कॅराव्हॅनला याहून वेगळं काही नको. तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत, रंगकामाच्या वादाला तोंड फुटायच्या आत, एक ठराव मांडावा: पार्किंगमध्ये एक सोळा अँपिअरचा, झाकणवाला, ईएलसीबी (गळती-संरक्षण) लावलेला पॉइंट, स्वतंत्र सबमीटरवर. आमच्या काही ओळखीच्या गाड्या त्यासाठी ताटकळत आहेत. युनिटमागे जो दर ठरेल तो देतील, आणि पंधराचा टॉप स्वतःचा घेऊन येतील.