व्हेनिसची डोंबिवली

युरोपला सहल कंपनीबरोबर जायचं की आपलं आपण, यावर आमच्या घरात फार वाद झाला नाही. ‘ते लोक पहाटे उठवतात,’ या एका वाक्यावर बायको माझ्या पक्षात आली. मग मी लॅपटॉप उघडला, व्हेनिसमधल्या हॉटेलांचे दर पाहिले आणि काही न बोलता नकाशा थोडा डावीकडे सरकवला. पाण्याच्या अलीकडच्या काठावर मेस्त्रे नावाचं गाव निघालं. तिथली खोली परवडत होती.

“स्टेशनपासून लांब आहे का हो?” हिने विचारलं.

“छे गं! चालत पाच मिनिटं. तिथून गाडीने व्हेनिस दहा मिनिटं.”

ही गप्प राहिली. पण आमचा डोंबिवलीतला फ्लॅट दाखवताना एजंटनेही याच सुरात हेच सांगितलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं.

मेस्त्रे पाहून मला आधी परकं वाटलं. मग हळूहळू सगळं जुळत गेलं. व्हेनिसमध्ये जागा परवडत नाही म्हणून माणसं इकडे येऊन राहतात आणि सकाळी गाडी पकडून तिकडे कामाला जातात. १९५१ साली मूळ बेटांवर पावणेदोन लाख लोक राहायचे. २०२२ साली तो आकडा पन्नास हजारांच्या खाली आला. रुळांच्या एका बाजूला मेस्त्रे, दुसऱ्या बाजूला मार्गेरा. मार्गेरात रासायनिक कारखाने. डोंबिवलीकराला याहून जास्त काय सांगायला हवं?

तरी एक गोष्ट राहिलीच. १९२६ पासून मेस्त्रे व्हेनिसच्याच महापालिकेत आहे आणि ते मेस्त्रेतल्या पुष्कळांना मान्य नाही. ‘आमची पालिका वेगळी करा’ म्हणून १९७९ पासून २०१९ पर्यंत पाच वेळा सार्वमत झालं; पाचही वेळा वेगळं होणं काही जमलं नाही. कल्याण-डोंबिवली महापालिका आणि २७ गावांचा घोळ ऐकत केस पिकलेल्या मला हे वाचून गहिवरून आलं.

कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात मी पाठ केलेल्या इटालियनमध्ये कोथिंबीर मागायचा प्रयत्न केला. दुकानदार बांगलादेशी निघाला. माझं वाक्य त्याने शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “धनिया? साथ में मिरची भी दूँ?”

दुसऱ्या दिवशी सकाळी फलाटावर मी हिला जवळ ओढून उभी केली. डबा नेमका कुठे येणार याचा अंदाज घेतला, सॅक पोटावर घेतली, डावा पाय पुढे. गाडी थांबली. दार उघडेना. मी त्याच पवित्र्यात. मागून एका शाळकरी मुलीने हात लांब करून दारावरचं हिरवं बटण दाबलं. तिला बहुधा वाटलं, आजोबांच्या कमरेत उसण भरली.

आत अर्धा डबा रिकामा होता. ही खिडकीशी बसली. मी दाराशी उभा.

“अहो, बसा ना.”

“कशाला? आत्ता येईल.”

पूल सुरू झाला. दोन्ही बाजूंना पाणी, समोर धुक्यातून वर येणारे मनोरे. हा रेल्वेपूल १८४६ सालचा. आपल्या ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ला, म्हणजे सातच वर्षांनी. ही माहिती मी हिला डब्याच्या या टोकावरून त्या टोकाला ओरडून सांगितली. मग पुढे उभ्या असलेल्या सुटातल्या गृहस्थांच्या खांद्याला हळूच बोट लावून विचारलं, “सांता लुचिया?” ते गोंधळून मान हलवू लागले. मी पुन्हा विचारलं, “सांता लुचिया? यू?” तेव्हा हिने माझी बाही ओढली. “अहो, ते शेवटचं स्टेशन आहे. सगळेच उतरणार आहेत.”

व्हेनिस सुंदर आहे, हे लोकांनी आधीच लिहून ठेवलंय, त्यामुळे ते काम माझ्याकडे नाही. सान मार्कोच्या चौकात मला भावला तो घंटेचा मनोरा. १९०२ साली तो कोसळला आणि १९१२ साली जसाच्या तसा उभा राहिला. त्याच जागी, तेवढाच उंच, एक इंचही एफएसआय वाढवून न मागता! आमच्या सोसायटीच्या पुनर्विकास समितीला मी तिथूनच फोटो पाठवला. सेक्रेटरींचं उलट उत्तर आलं : ‘बिल्डर कोण?’

आता गोंडोला. अर्ध्या तासाचे ९० युरो, म्हणजे नऊ हजारांच्या आसपास. पण हा दर माणशी नाही, होडीमागे. होडीत पाच जण चालतात. पूर्वी सहा चालायचे. प्रवाशांची वजनं वाढली म्हणून २०२० साली एक सीट कमी केली. हे कळल्यावर मी आधी पोट आत घेतलं आणि मग हिशेब मांडला. आम्ही दोघं. आणखी तिघं मिळाले की माणशी अठरा युरो. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरते तशीच ही होडी भरायची, त्यात अवघड काय?

मी घाटावर उभा राहून सुरुवात केली. “थ्री सीट! ओन्ली थ्री सीट!” पहिल्या हाकेला आवाज जरा चोरटा होता, तिसऱ्या हाकेपर्यंत चांगला लागला. एक जपानी जोडपं थांबलं. त्यांनी माझा फोटो काढला. एका जर्मन आजोबांनी जवळ येऊन मलाच भाव विचारला, वर ‘डिस्काउंट?’ म्हणाले. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला गोंडोलेवाला कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. त्या नजरेला भाषांतर लागत नाही. मी वळून पाहिलं तर बायको जागेवर नव्हती.

ती मासळीबाजाराजवळ सापडली. तिथल्या बायका पिशव्या घेऊन एका रुंद होडीत चढत होत्या. हिने मागोमाग जाऊन चौकशीही केली होती. त्याला त्रागेत्तो म्हणतात. गोंडोलाच, पण साधा, ग्रँड कॅनाल ओलांडण्यापुरता. परक्यांना दोन युरो.

“चला,” ती म्हणाली. “आणि सॅक पुढे घ्या.”

आत स्थानिक लोक बसत नाहीत, उभे राहतात. धरायला काही नाही. होडी डुलली तसे सुंदर कॅमेरे गळ्यात घातलेले प्रवासी किंचाळत खाली बसले. आम्ही दोघं दोन पायांत अंतर ठेवून, हात मोकळे सोडून, एकमेकांशी रात्रीच्या जेवणाचं बोलत ताठ उभे. वल्हेवाल्याने माझ्याकडे पाहून भुवई उंचावली. त्या शहरात मला मिळालेला मान तेवढाच, आणि तोही मध्य रेल्वेमुळे.

परत आल्यावर फडके रोडवर एक जुने स्नेही भेटले. पुण्यातल्या लग्नात कुणी विचारलं की मी ‘मुंबईला असतो’ म्हणून सांगतो, हे त्यांना ठाऊक आहे. तेही तेच सांगतात.

“व्हेनिसला गेला होतात म्हणे. राहिलात कुठे?”

“व्हेनिसमध्येच,” मी म्हणालो. पालिका एकच असल्याने हे खोटंही नव्हतं.

“व्हेनिसच्या डोंबिवलीत,” ही म्हणाली.

स्नेह्यांनी समजून मान डोलावली, हातातली भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, “ईस्ट की वेस्ट?”