फॉरवर्डची पूर्वपरीक्षा

चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूरच्या विद्यार्थ्यांना निवडणुकीतील समाजमाध्यमी अफवा ओळखण्याचे रीतसर शिक्षण द्यावे, असे हल्ली जो तो म्हणतो; आणि म्हणणारे गृहस्थ बहुधा त्याच सकाळी दोनचार अफवा पुढे ढकलून, कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने चहाला बसलेले असतात. तथापि सूचना स्तुत्य असल्यामुळे अभ्यासक्रमाचा मसुदा आम्हीच सादर करतो.

पहिला पाठ सोपा. मतदानकेंद्रावर चौदा टक्क्यांहून अधिक ‘टेंडर’ मते पडली की फेरमतदान होते, असा कलमाच्या आकड्याने सजविलेला संदेश 2019 च्या निवडणुकीपासून फिरतो आहे. 1961 च्या निवडणूक संचालन नियमांतील 49 पी हा नियम एवढेच सांगतो की, आपल्या नावावर अन्य कोणी आधीच मत देऊन गेला असल्यास, ओळख पटवून, मतपत्रिकेवर मत देता येते. टक्क्यांचा त्यात मागमूसही नाही. पण कलम दिसले की आपल्याकडे भले भले हात जोडतात, तेथे बारावीच्या पोराची काय कथा!

दुसरा पाठ खरा कसोटीचा. शेजारच्या जिवती तालुक्यात सीमावादातली चौदा गावे आहेत (हा चौदा मात्र अस्सल), जेथील अनेकांची नावे महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांच्या मतदारयाद्यांत आहेत. आणि 2024 च्या लोकसभेला चंद्रपूरचे मतदान 19 एप्रिलला, तर तेलंगणातील आदिलाबादचे 13 मेला झाले; म्हणजे एकाच मतदाराला दोन्हीकडे मत देण्याइतकी सवड होती. हा खराखुरा मजकूर पुण्यातील एखाद्या सत्यशोधक विद्यार्थ्यास धाडावा. तो तत्काळ ‘बनावट’ असा शेरा मारील आणि नापास होईल.

तिसरा पाठ घरचाच. गडचांदूर ज्यात मोडते त्या राजुरा मतदारसंघात ऑक्टोबर 2024 मध्ये नवमतदारनोंदणीसाठी आलेल्या 7,592 अर्जांपैकी 6,861 नामंजूर केले व पोलिसांत गुन्हाही नोंदविला, असे निवडणूक प्रशासन सांगते. तर सप्टेंबर 2025 मध्ये राहुल गांधींनी याच मतदारसंघात 6,850 नावे घुसविल्याचा आरोप केला. अर्ज येणे निराळे आणि नाव यादीत चढणे निराळे, हे ध्यानी घेऊन अर्ज, हुकूम आणि यादी असे तिन्ही दस्तऐवज मागणाऱ्या विद्यार्थ्यास पैकीच्या पैकी गुण द्यावेत. व्हॉट्सॲपवरील विद्वानांनी मात्र आपापल्या पक्षानुसार निकाल आधीच लावून टाकला.

प्रवेशाच्या अटीत एवढीच दुरुस्ती सुचवितो: पहिल्या तुकडीत विद्यार्थी घेऊ नयेत, त्यांचे काका, मामा आणि निवृत्त गुरुजी घ्यावेत.