माननीय कलम १६ यांस खुले पत्र

मा. कलम १६, रेल्वे अधिनियम १९८९, यांसी स. न. वि. वि.

पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा या पट्ट्यात रूळ भातखाचरांतून गेले आणि कित्येक सात-बाऱ्यांचा एक तुकडा घराकडे, दुसरा रुळापलीकडे राहिला. असे होणार हे आपण जाणून आहात, म्हणून आपल्याविषयी आदर आहे. रेल्वेमुळे शेताच्या वापरात येणारा अडथळा दूर करायला फाटक, पूल, मोरी, पाण्याची वाट रेल्वेनेच करून द्यावी, असे आपण सांगता. मात्र त्याच दमात घड्याळही काढता : मार्ग सार्वजनिक वाहतुकीसाठी प्रथम खुला झाल्याला दहा वर्षे उलटली, की जादा काम करून द्यायला रेल्वे बांधील नाही. मग आपल्या शेजारच्या कलम १७ कडे जावे आणि खर्च स्वतः सोसावा. (रुळाखालच्या मोरीचा खर्च भाताच्या किती हंगामांत फिटतो, हे त्यांनीही लिहिलेले नाही.)

गाडी रोह्याला १९८६ मध्ये पोहोचली. म्हणजे मुदत १९९६ मध्येच सरली. तेव्हा भारे डोक्यावरून खळ्यावर येत. आता ट्रॅक्टर आहे, तो डोक्यावर घेता येत नाही. आपल्या बाजूलाही एकाचे दोन मार्ग झाले, वर विजेची तार आली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाल्यावर गाड्या वाढल्या. अडथळा नवा, मुदत जुनी! दुहेरीकरणाने ओलांडणे अवघड केले, तर दहा वर्षेही दुहेरीकरणापासूनच मोजावीत, एवढेच मागणे.

यावर मोबदल्याचे उत्तर ठरलेले आहे. जमीन तुटल्याची भरपाई १८९४ च्या भूसंपादन कायद्यात होती, २०१३ च्या कायद्यातही आहे. पण ती ताबा घेतानाच्या नुकसानीची. जिथे दुसरा मार्ग रेल्वेच्या जुन्याच हद्दीत बसला, तिथे संपादनच नाही, मग मोबदला कशाचा? सुरक्षेचा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटके जानेवारी २०१९ पर्यंत देशभर हटवली गेली, ती पुन्हा उघडा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण वाट मिटली तरी शेत पलीकडेच राहते आणि माणूस रूळ ओलांडतोच. फरक इतकाच, की तो आता कलम १४७ चा आरोपी असतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. भुयारी मार्ग सुचवाल, तर पेणच्या खारपट्ट्यात भरतीचे पाणी बांध घालून थोपवावे लागते. तिथे जमीन खणून केलेला रस्ता आवणीच्या दिवसांत तळेच होणार. रुळाचा भराव उंच आहे तिथे जमिनीच्या पातळीवरची मोरी ट्रॅक्टरपुरती रुंद करणे अधिक शहाणपणाचे. शेजारच्या शेतकऱ्याने वाट अडवली तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. शेजारी आपण असलात, की तहसीलदारही हात जोडतो.

दुरुस्ती एका ओळीची आहे. संसदेला सवड होईपर्यंत निदान आवणी आणि कापणीच्या दिवसांत कलम १४७ ला रजेवर पाठवावे.

आपला,
रुळाच्या दोन्ही बाजूंचा खातेदार