सेंटरविना संसार

जगावेगळा संघ बांधणारा गृहस्थ अमेरिकेच्या एनबीएत दर पिढीत एखाद-दुसरा निपजतोच. तो कधी जनरल मॅनेजर असतो, कधी कोच. खेळाडू पाहताना इतर जिथे नाक मुरडतात, तिथे याचे डोळे चमकतात, ही त्याची ओळखायची खूण.

नियम त्यालाही सगळ्यांचेच लागू असतात. मुख्य यादी पंधरा जणांची, मैदानात एका वेळी पाच, सामना ४८ मिनिटांचा आणि बास्केटची कडी जमिनीपासून दहा फुटांवर. ही कडी इतकी उंच असल्यामुळे साधा माणूस आधी एक ताडमाड सेंटर शोधतो, मग दोन दणकट फॉरवर्ड आणि दोन चपळ गार्ड घेऊन मोकळा होतो. या गृहस्थाला मात्र हा निव्वळ आळस वाटतो.

कोच डॉन नेल्सन या पंथाचा आद्यपुरुष म्हणायला हरकत नाही. मिलवॉकीत असताना चेंडू पुढे नेऊन खेळ रचण्याचे गार्डचे काम त्याने पॉल प्रेसी या फॉरवर्डकडे सोपवले. पुढे गोल्डन स्टेटला त्याच्या हाती सात फूट सात इंचांचा मनूट बोल आला. याआधी वॉशिंग्टनने १९८७-८८ च्या हंगामात बोल आणि पाच फूट तीन इंचांचा मगसी बोग्स यांना एकाच संघात नांदवले होते, पण बोलला तिथे काम होते ते बास्केटजवळ उभे राहून फटके अडवण्याचे. नेल्सनने त्याला आक्रमणाच्या वेळी थेट थ्री-पॉइंटच्या रेषेबाहेर धाडले. बोल तिथून चेंडू डोक्यावरून भिरकावल्यासारखा फेकायचा. प्रेक्षक उठून उभे राहात आणि चेंडू बहुतेक वेळा कडीवर आपटून परत येई. १९८८-८९ च्या हंगामात त्याने असे ९१ प्रयत्न केले आणि त्यांतले २० साधले. हिशेब वाईटच आहे, पण नेल्सनचे म्हणणे अगदीच वेडगळ नव्हते. बोलवर पहारा ठेवायचा तर समोरच्या सेंटरला बास्केट सोडून बाहेर यावे लागते, आणि घर मोकळे मिळते. शिवाय १९९३ मध्ये फिलाडेल्फियाकडून खेळताना याच बोलने फीनिक्सविरुद्ध एका उत्तरार्धात सहा थ्री-पॉइंटर मारले.

यादी जमवणे हा या संसारातला सुखाचा भाग. खरी पंचाईत पहिले पाच ठरवताना होते. सामना कोण संपवतो याला जास्त महत्त्व आहे, हे सगळ्यांना कळते आणि कोणालाच पटत नाही. सुरुवातीच्या पाच जणांची नावे दिवे मालवून, कर्णे लावून पुकारली जातात. सहाव्याने बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. लग्नातल्या पहिल्या पंगतीवरून जसे रुसवे-फुगवे होतात तसेच इथेही होतात, फक्त रुसणाऱ्याचा पगार कोटींत असतो. बॉस्टनचा कोच रेड ऑरबाखने यावर फार पूर्वीच तोड काढली. फ्रँक रॅमझी आणि पुढे जॉन हॅवलिचेक अशा पहिल्या दर्जाच्या खेळाडूंना तो मुद्दाम बाकावरून उतरवायचा आणि हाच मोठा मान आहे असे सगळ्यांच्या गळी उतरवायचा. १९८२-८३ पासून एनबीएने सहाव्या माणसासाठी पुरस्कारच सुरू केला. २००८ साली तो सॅन अँटोनियोच्या मनू जिनोबिलीला मिळाला. तरीही लहानपणी अंगणात खेळताना सहावा माणूस व्हायचे स्वप्न कोणी पाहात असेल, असे वाटत नाही.

या गृहस्थाचे धाडस बरेचदा नाइलाजातून येते, हे तो कबूल करत नाही. १९८० च्या अंतिम मालिकेत लेकर्सच्या करीम अब्दुल-जब्बारचा घोटा दुखावला. सहाव्या सामन्यासाठी फिलाडेल्फियाला निघालेल्या विमानात करीमच्या ठरलेल्या जागेवर वीस वर्षांचा नवखा गार्ड मॅजिक जॉन्सन जाऊन बसला. सामनाही त्याने सेंटर म्हणूनच सुरू केला आणि ४२ गुण, १५ रिबाउंड अशी कामगिरी करत विजेतेपद आणले. कोच पॉल वेस्टहेड यांची दूरदृष्टी त्या दिवशी घोट्याच्या दुखापतीतून जन्मली.

२०१५ मध्ये गोल्डन स्टेटवर अशीच पाळी आली. क्लीव्हलँडविरुद्धच्या अंतिम मालिकेत संघ १-२ असा मागे होता. निक युरेन हा कोचचा २८ वर्षांचा मदतनीस रात्री जुन्या सामन्यांचे व्हिडिओ चाळत बसला होता. आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेत सॅन अँटोनियोने बोरिस डियॉला पहिल्या पाचांत घेतल्याचे पाहून त्याने सुचवले की सेंटर अँड्र्यू बोगटला बाकावर बसवा आणि आंद्रे इग्वोडालाला घ्या. म्हणजे सेंटरची जागा साडेसहा फुटांच्या ड्रेमंड ग्रीनकडे जाणार. कोच स्टीव्ह कर यांनी पत्रकारांना याचा पत्ता लागू दिला नाही. विचारले तेव्हा चक्क थाप मारली. सामना सुरू झाला आणि क्लीव्हलँडने पहिले सात गुण घेतले. हे पाहून कच्च्या दिलाचा कोच लगेच बोगटला उठवता. कर थांबले. सामना १०३-८२ ने जिंकला, मालिका जिंकली आणि त्या अख्ख्या साखळी हंगामात एकदाही पहिल्या पाचांत नसलेला इग्वोडाला अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

नाइलाज नसताना केवळ तत्त्वासाठी असे करणारे थोडेच. ह्यूस्टनचे तेव्हाचे जनरल मॅनेजर डॅरिल मोरी त्यांतले सर्वांत कडवे. कोच माइक डँटोनीही त्याच पठडीतले. फेब्रुवारी २०२० मध्ये ह्यूस्टनने सहा फूट दहा इंचांचा सेंटर क्लिंट कपेला देऊन टाकला आणि ती जागा सहा फूट पाच इंचांच्या पी. जे. टकरला दिली. हिशेब असा की पाचही जण लांबून फेकणार आणि समोरच्याचा उंच माणूस धावून धावून दमणार. पुढे लेकर्सविरुद्धच्या मालिकेतला पहिला सामना जिंकून हा हिशेब बरोबरही दिसला. पुढचे चारही सामने लेकर्सने जिंकले. आणि गंमत म्हणजे त्यासाठी त्यांनीही आपले उंच सेंटर बाकावर बसवले.

डँटोनी सप्टेंबरमध्ये पायउतार झाले, मोरी ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबरात मोरींनी फिलाडेल्फिया संघाच्या बास्केटबॉल कारभाराचे अध्यक्षपद घेतले. तिथला सेंटर होता जोएल एम्बीड, उंची सात फूट. त्याला त्यांनी विकला नाही.