आईखालचं स्टूल

केनवडच्या आमच्या घरात, माजघराच्या भिंतीवर, आई-बाबांचा जोडफोटो आहे. बाबांच्या नाकाची सावली डाव्या गालावर पडली आहे, आईच्या नाकाची उजव्या गालावर. दोघं खांद्याला खांदा लावून बसलेले आणि सूर्य मात्र ज्याचा त्याला वेगळा. लहानपणी मला वाटे, संसार म्हणतात तो हाच. पुढे कळलं, दोघांनी मिळून फोटो असा कधी काढलाच नव्हता. बाबा गेल्यावर कुणा स्टुडिओवाल्याने त्यांच्या ओळखपत्रावरचा चेहरा मोठा केला, त्यांनी जन्मात न घातलेला कोट त्याला चढवला आणि आईच्या शेजारी आणून बसवलं. कोटाची कॉलर मानेपासून जराशी सुटली आहे. त्या फटीतून मागचा निळा पडदा डोकावतो, उशिरा उठणाऱ्याच्या दारातून उजाडलेलं डोकावावं तसा.

ही चलाखी जुनीच. १८५७ साली ऑस्कर रेलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच चित्र उभं केलं होतं. आणि आपल्या फाळक्यांच्या १९१७ सालच्या ‘लंका दहन’मध्ये तर राम आणि सीता, दोन्ही अण्णा साळुंकेच. त्या जोडप्यात निदान उजेडावरून वाद झाला नसेल.

तुरी भरल्या तेव्हा पुतण्या पुण्याहून कॅमेरा घेऊन आला. आजीला आभाळात बसवायचं त्याच्या मनात होतं. सोयाबीन निघालेल्या वावरात, तुरीच्या तासाजवळ, त्याने स्वयंपाकघरातलं स्टूल मांडलं. फ्लॅशचा स्टँड वाऱ्याने पडू नये म्हणून खताच्या पिशवीत ढेकळं भरून पायाला बांधली आणि वर पांढरी छत्री उघडली.

“पाऊस ना पाणी, छत्री कायले रे?” आईने विचारलं. स्टूल नंतर पुसून टाकणार हे कळल्यावर म्हणाली, “मी का मारुती आहो, उडाले?”

दिवस मावळत होता. पुतण्या मला समजावत होता. शटर झरकन मिटलं, की आभाळाच्या उजेडाला आत यायला वेळ कमी मिळतो आणि ते जांभळं होत जातं. फ्लॅशचा लखलखाट मात्र सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात उरकणारा, त्याला त्याची फिकीर नाही. मला हे ऐकताना आमच्या घरातली काही माणसं आठवली. पण ते असो. आई स्टुलाच्या अगदी कडेला बसली होती, एसटीत दोघांच्या बाकावर बसतात तशी.

“आजी, मधे बस ना.”

“अन् तुह्ये आबा कुठी बसतीन?”

तो काही बोलला नाही. ढेकळांच्या पिशवीसकट स्टँड उचलून त्याने आजीच्या उजव्या हाताला नेला, दोनदा मागेपुढे केला. छत्री लखलखली आणि आईच्या नाकाची सावली क्षणभर डाव्या गालावर पडली.

मग तिला उठवून, स्टूल काढून, कॅमेरा जागचा न हलवता त्याने नुसत्या वावराचा फोटो घेतला. स्टूल पुसलं, की तिथे मागचं काहीतरी भरावं लागतं. ते या फोटोतून घ्यायचं. आई पदर सावरत आली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो रिकामा फोटो बराच वेळ बघत राहिली.

“तुरी मस्त भरल्या दिसतात,” ती म्हणाली. “हाच भितीले लाव.”