कुटुंबवत्सल भाई

हिंदी सिनेमातल्या कुठल्याही भाईला विचारा, बाबा रे, एवढे मुडदे कशासाठी पाडलेस? उत्तर ठरलेलं: घरच्यांसाठी. घरच्यांनी कधी मागितले होते का, हे विचारायची सोय पटकथेत नसते.

महेश मांजरेकरांचा ‘वास्तव’ (१९९९) आठवा. रघू हा चाळीतला पोरगा. पावभाजीची गाडी टाकतो, भांडणात हातून खून होतो, आणि मग माघारी फिरायची वाटच उरत नाही. पुढे एकदा तो घरी येतो तो गळ्यात जाडजूड साखळी घालून. पन्नास तोळे! म्हणजे अर्धा किलोच्या वर सोनं. एवढं सोनं माणसाने दुश्मनाला दाखवावं, पोलिसाला दाखवावं. हा दाखवतो आईला. अख्खी मुंबई टरकते, पण आईने ‘शाबास’ म्हटल्याशिवाय भाईचं घोडं गंगेत न्हात नाही. आणि ती तर काही म्हणायला तयार नाही. ते पन्नास तोळे पोरांना आजही तोंडपाठ आहेत. आईचा चेहरा कुणाच्या लक्षात आहे?

शेवटी रघू भ्रमिष्ट होतो आणि त्याला संपवायचं काम येतं आईकडे, त्याच्याच पिस्तुलाने. पोलीस, कोर्ट, टोळी, सगळे हात झटकून मोकळे. ‘मदर इंडिया’पासून (१९५७) ही कामाची वाटणी चालत आली आहे. भानगडी मुलाने करायच्या, निस्तरायच्या आईने. बरं, ही आई कोण? रीमा लागू. संजय दत्तपेक्षा जेमतेम वर्षाने मोठ्या. म्हणजे मुलगा जन्मला तेव्हा मातोश्री नुकत्याच पाऊल टाकायला लागल्या असतील. भाई चाळिशीतही तरणाबांड. बाईने मात्र चाळिशीत पदर डोक्यावर घेऊन हंबरडा फोडायचा.

पण खरी गंमत बापाची आहे. ‘दीवार’मधला (१९७५) बाप कामगारांचा पुढारी. मालक त्याला धमकावतात, बायकामुलांचा जीव पणाला लागतो, आणि तो कागदावर सही करतो. म्हणजे सगळ्या सिनेमात घरच्यांसाठी खरोखर काही करणारा, त्यांना जिवंत ठेवणारा माणूस हा एकटाच. त्याचं काय होतं? लोक त्याला बडवतात, तो परागंदा होतो, आणि बाप चोर असल्याचं पोराच्या हातावर गोंदलं जातं. उलट तो पोरगा मोठेपणी आईसाठी म्हणून इमारत विकत घेतो, भावाशी वैर घेतो, आणि आईच्याच मांडीवर मरतो. शिट्ट्या त्याला. सही करून चार जीव वाचवले तर नामर्द, गोळ्या झाडून घर बुडवलं तर मर्द. ‘मुळशी पॅटर्न’मध्येही (२०१८) जमीन विकून बसलेला बाप कानकोंडा होतो आणि पोरगा हत्यार उचलतो. तिथे निदान जमीन कुणी आणि कशी गिळली, हे तरी दाखवलंय.

हे खूळ आपलंच आहे असं नाही. ‘गॉडफादर’मधला (१९७२) डॉन ऐकवतोच, की घरच्यांना वेळ न देणारा तो मर्दच नव्हे. त्याच्या धाकट्या चिरंजीवांनी हा उपदेश इतका मनावर घेतला, की दुसऱ्या भागात सख्ख्या भावाला मारायचं ठरल्यावरही आई जाईपर्यंत कळ काढली. याला म्हणतात संस्कार!

आमच्या गल्लीबोळांत सिनेमातली गोळी परवडत नाही, म्हणून तलवारीने केक कापतात. भररस्त्यात गाडीच्या बॉनेटवर केक, वर फ्लेक्सवर गॉगल लावलेले वीसेक चेहरे, आणि मधोमध ‘भाई’, वय वर्षे एकोणीस. व्हिडिओ फिरला की हत्यार कायद्याखाली गुन्हा. मग दुसरा व्हिडिओ येतो: तेच भाई, हात जोडलेले, मान खाली, पुन्हा असं करणार नाही म्हणतायत. फ्लेक्सवरच्या विसांपैकी एकही चौकीकडे फिरकत नाही. बाहेरच्या बाकावर आई बसलेली असते. डब्यात पोळी-भाजी, आणि शेजारी जामीनदार मिळेल का म्हणून फोन लावणारा, ऑफिसात अर्धी रजा टाकून आलेला बाप. या बापावर सिनेमा निघत नाही. निघाला तरी पहिल्या दिवशी गर्दी कोण करणार?

सत्ता बाईच्या हाती गेली तर चित्र बदलेल, असं वाटणाऱ्यांनी ‘सरकार’ मालिका बघावी. पहिल्या भागात (२००५) सुभाष नागरेंच्या वाड्यात बायकांनी खालच्या आवाजात बोलायचं आणि धाकट्या मुलाने थोरल्याचा काटा काढायचा. ‘सरकार राज’मध्ये (२००८) सगळे खपतात-झुरतात आणि कारभार येतो ऐश्वर्या रायकडे. लंडनहून आलेली, वीज प्रकल्प उभारायला निघालेली बाई. आता ती काय करते? एक चहा मागवते. चहा आणणाऱ्या माणसाकडे याही वेळी कुणी बघत नाही.