कटाची आमटी आणि महामार्ग 160

"भाऊजी, तुमचा हात स्थिर. आमटी तुम्हीच धरा," म्हणत वहिनींनी कटाच्या आमटीचा डबा माझ्या मांडीवर ठेवला. पुरणपोळ्या डिकीत गेल्या. आयुष्यभर फळ्यावर मुक्तहस्त वर्तुळं काढणाऱ्या चित्रकलेच्या मास्तराला मिळालेलं हे बक्षीस. पुतणी कोपरगावला, आम्ही नगरला, आणि मध्ये नगर-मनमाड रस्ता.

हा एके काळी राज्यमार्ग होता. आता शिर्डीपर्यंत तो राष्ट्रीय महामार्ग 160 आहे. बढती रस्त्याला मिळाली, खड्डे आपल्या जागी कायम राहिले. विळदचा घाट गेला. राहुरीचं कृषी विद्यापीठ 1968 सालचं. ते दिसलं असणार, पण माझी नजर झाकणावर होती.

कोल्हारच्या अलीकडे पुढ्यात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आला. "काका, घट्ट धरा," असं ड्रायव्हर म्हणाला आणि मग खड्ड्यात गेला. क्रम योग्यच होता, पण इतक्या आयत्या वेळची पूर्वसूचना कुणालाच उपयोगी नसते. झाकण डब्यावर राहिलं, आमटी मात्र वाटीभरच राहिली. पांढऱ्या लेंग्यावर नगर जिल्ह्याचा नकाशा उमटला. जामखेड थेट गुडघ्यापर्यंत. मुक्तहस्त म्हणतात तो हाच.

मांडी चुरचुरत असताना मी दोषी शोधू लागलो. 1926 साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला. कारखाना आला म्हणून ट्रॉल्या आल्या, आणि ट्रॉल्या आल्या म्हणून माझा लेंगा गेला. सहकार चळवळीची एवढी झळ फार थोड्यांना बसली असेल.

गाडी अडकली ती अडकलीच. मी खाली उतरून शिव्या हासडायच्या बेतात होतो, तेवढ्यात ट्रॉलीवर उसाच्या मोळ्यांवर बसलेली बाई दिसली. पदराखाली तान्हं, डोक्याला फडकं, पहाटेपासून कोयता चालवलेले हात. माझ्या लेंग्याकडे बघून ती आधी खुदकन हसली, मग तिने पाण्याची बाटली खाली टाकली. "धुऊन घ्या बाबा, डाग बसंल." बाटली अर्धीच भरलेली होती. मी दोन चुळांपुरतं पाणी वापरलं आणि ती परत वर फेकली. हात स्थिर होता, नेम बरोबर बसला.

पुढे राहात्याचे पेरू गेले, शिर्डीला ड्रायव्हरने चालत्या गाडीतून नमस्कार केला, आणि सावळीविहीरला 160 नंबर सिन्नरकडे वळला. कोपरगावात पुतणीने उरलेल्या वाटीभर आमटीत पाणी घालून ती सगळ्यांना पुरवली.

तेव्हा वाचकहो, गळीत हंगामात या बाजूला जाणार असाल तर पोळ्या खुशाल गाडीने न्या. आमटी मात्र रेल्वेने न्या. दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 पासून आहे, आणि रुळांना खड्डे पडत नाहीत.